यात्रेतला फोटो आणि कन्नडचा माणूस

ग्रामीण मराठी कुटुंबातला प्रवासाचा फोटो बहुतेक वेळा देवदर्शनातून येतो. केवळ फिरायचे म्हणून घर सोडणे ही शेतकरी घरात अलीकडची गोष्ट आहे. नवस फेडायला, वारीला, जत्रेला किंवा लग्नाला जाणे हे जुने. त्यामुळे जुन्या फोटोत मागे देवळाचा कळस नाहीतर महाद्वार असते आणि पुढे माणसे ओळीने उभी असतात. म्हातारी माणसे मधे, सुना कडेला, पोरे पुढ्यात बसलेली. पायातल्या चपलांपासून डोक्यावरच्या पदरापर्यंत सगळे दिसले पाहिजे, आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे.

शहरी डोळ्याला ही मांडणी ताठर वाटते, पण तिच्यामागे पक्की कारणे आहेत. मोठ्या देवस्थानांच्या गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, म्हणून फोटो दाराबाहेर, पायऱ्यांवर निघतो. शिवाय हा फोटो गावात परतल्यावर दाखवायचा असतो. कोण कोण गेले होते, कोणाच्या अंगावर कोणते लुगडे होते, सगळे सुखरूप पोहोचले होते ना, हे त्यातून भावकीला कळायला हवे. अर्धा चेहरा अंधारात ठेवून काढलेला कलात्मक फोटो या कामाला निरुपयोगी ठरतो. ग्रामीण फोटोची ही शिस्त अडाणीपणाची नाही, त्याच्या उपयोगातून आलेली आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला कन्नड तालुका अशा प्रवासाच्या वाटेवरच वसला आहे. धुळे–सोलापूर महामार्ग तालुक्यातून जातो. दक्षिणेला गेले की वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद आणि जिल्ह्याचे शहर. उत्तरेला औट्रम घाट उतरला की खानदेशातले चाळीसगाव. कन्नडला रेल्वे नाही, म्हणून लांबच्या यात्रेची गाडी धरायला चाळीसगाव नाहीतर संभाजीनगर गाठावे लागते. इथला प्रवास म्हणूनच एसटी, काळी-पिवळी, क्रूझर आणि ट्रॅक्टर-टेम्पोवर वाढला.

निघायचे कधी, हे पिके ठरवतात. पेरणी उरकली की आषाढीची वारी. श्रावणात सोमवारी घृष्णेश्वर, शनिवारी खुलताबादचा भद्रा मारुती. भद्रा मारुतीची मूर्ती झोपलेली आहे आणि हनुमान जयंतीला तिथे रात्रभर पायी चालत जाणाऱ्यांची रीघ लागते. कापूस आणि मका घरात आला की दिवाळीनंतर लांबचे बेत ठरतात: शेगाव, शिर्डी, तुळजापूर, जमलेच तर तिरुपती. शाळांच्या सहलीही याच थंडीत निघतात. वेरूळचे कैलास लेणे आणि दौलताबादचा किल्ला यांच्यासमोरचा शाळेच्या सहलीचा गटफोटो या तालुक्यातल्या कित्येक घरांत सापडेल.

या भागात कॅमेरा आला तो मात्र गावकऱ्यांसाठी नव्हे. मेजर रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्याची चित्रे रंगात उतरवून घेण्याचे काम मिळाले. पुढे त्यांनी छायाचित्रणही हाती घेतले. त्यांनी रंगवलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या, पण लेण्यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे १८६४ मध्येच पुस्तकरूपाने छापली गेली होती, म्हणून ती उरली. कन्नड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजामाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी वेरूळची लेणी टिपली. अशा जुन्या चित्रांत गावकरी दिसतो तो अनेकदा खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. त्याचे नाव कोणी लिहिले नाही. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या माणसांसोबत तो कॅमेऱ्यापुढे उभा राहिला तो पुढे जत्रेत आणि तालुक्याच्या स्टुडिओत.

जत्रेतल्या फोटोवाल्याने ग्रामीण माणसाला प्रवासाची आणखी एक तऱ्हा दिली. त्याच्या तंबूत रंगवलेला पडदा असे: ताजमहाल, बर्फाचे डोंगर, विमान, नाहीतर बाग. कडेला प्लास्टिकची फुले आणि एखादी मोटारसायकल. नवे जोडपे त्यापुढे उभे राहून काश्मीरला जाऊन येई. याला खोटे म्हणणे चुकीचे होईल, कारण पडदा रंगवलेला आहे हे पाहणाऱ्याला आणि उभे राहणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे. हौस मात्र खरी होती.

घाटाखालच्या चाळीसगावात हीच गोष्ट एका थोर कलावंताने वेगळ्या उंचीवर नेली. केकी मूस यांचा जन्म १९१२ मध्ये मुंबईत झाला. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन ते चाळीसगावला आले आणि १९८९ मध्ये निधन होईपर्यंतची जवळजवळ पन्नास वर्षे रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरातून क्वचितच बाहेर पडले. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, उजेड हवा तसा पाडून ते डोंगर, वाटा आणि झोपड्यांचे देखावे उभे करत आणि त्यांचे फोटो घेत. त्यांचे घर आता संग्रहालय झाले आहे. कन्नडहून चाळीसगावला रेल्वेगाडी धरायला जाणाऱ्याने तासभर आधी निघून ते जरूर पाहावे.

घरचा कॅमेरा गावात उशिरा आला. बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री हा भारतातल्या मध्यमवर्गाला परवडणारा कॅमेरा. त्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. नंतरच्या ३५ मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. हा आकडा फार महत्त्वाचा होता, कारण रोल विकत घ्यायचा, तालुक्याला धुवायला टाकायचा आणि मग छपाईचे पैसे द्यायचे. म्हणून प्रत्येक खटका विचार करून दाबला जाई. गावात बहुधा एकाच घरी, नोकरीला लागलेल्या मुलाकडे किंवा शिक्षकाकडे कॅमेरा असे आणि यात्रेला निघताना तो मागून नेला जाई.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि ही काटकसर संपली. आता घाटातल्या चहाच्या टपरीवरून काढलेला फोटो चहा संपायच्या आत पुण्यातल्या लेकाला पोहोचतो. कोण फोटो काढतो तेही बदलले. पूर्वी कॅमेरा पुरुषाच्या हातात आणि बाई ओळीत. आता शेतमजूर बाईच्या हातातही मोबाइल आहे आणि ती स्वतःचा, मैत्रिणीचा, शेळीचा, फुललेल्या कपाशीचा फोटो काढते.

बायकांच्या प्रवासाला एसटीच्या सवलतींनी मोठा हात दिला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट लागते. ज्यांना माहेर आणि सासर यांपलीकडे फारसे जाणे नव्हते, अशा बायकांचे गट त्यामुळे एसटीने देवदर्शनाला जाऊ लागले. सवलतीवर खर्चाच्या बाजूने काहीही आक्षेप असोत, साठीतल्या बाईने पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने बसमध्ये चढणे ही मोलाची गोष्ट आहे.

अशा प्रवासातले सुख लहान लहान गोष्टींत असते आणि त्यातल्या बऱ्याच फोटोत येतच नाहीत. पहाटे बांधून घेतलेली दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. झाडाखाली सतरंजी टाकून सोडलेले ते फडके. दौलताबादच्या रस्त्यावर हिवाळ्याच्या तोंडाशी मिळणारी सीताफळे. परतीच्या पिशवीतला पेढ्याचा पुडा, हिरव्या बांगड्या, नातवासाठी शिट्टी. कन्नड, खुलताबाद, फुलंब्री हा पट्टा अद्रकीच्या शेतीसाठी ओळखला जातो. शेतातून उपटलेली ओली अद्रक ठेचून केलेला चहा हे इथले रोजचे सुख आहे. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली की आगटी पेटते, कणसे भाजली जातात आणि तळहातावर चोळलेला गरम हुरडा तिखटा-गुळासोबत खाल्ला जातो. शहरातले लोक त्यासाठी आता पैसे मोजून येतात.

जवळचे पाहायचे मात्र राहून जाते. तिरुपतीला जाऊन आलेल्या कित्येक कन्नडकरांनी पितळखोरा पाहिलेले नसते. सातमाळा डोंगराच्या घळीतली ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून खोदली गेली, म्हणजे वेरूळपेक्षा कितीतरी शतके जुनी. इथल्या शिलालेखांत पैठणच्या गंधी कुळातल्या एका दात्याची आणि एका राजवैद्याची नावे आहेत. इथे सापडलेली हसऱ्या, बुटक्या यक्षाची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव तिच्या हातावर कोरले, आणि म्हणूनच दोन हजार वर्षांनी ते सांगता येते.

पितळखोऱ्याच्या आसपासचे जंगल १९८६ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्य झाले. संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत ते पसरले आहे. पावसाळ्यात इथले धबधबे जोर धरतात आणि घाटात धुके उतरते. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून चालत आलेला एक वाघ इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यात दिसला. कित्येक दशकांनी गौताळ्यात वाघाची नोंद झाली ती अशी, एका फोटोने. तालुक्यातलाच अंतूर किल्ला निजामशाहीच्या खुणा अंगावर घेऊन उभा आहे. धबधब्याच्या काठावर, शेवाळलेल्या कातळावर सेल्फीसाठी उभे राहू नये, एवढे पथ्य या सगळ्या ठिकाणी पाळायलाच हवे.

ग्रामीण घरातल्या यात्रेच्या फोटोचे सर्वांत मोठे काम पुढे, माणूस गेल्यावर सुरू होते. जुन्या पिढीतल्या अनेक बायकांचा आयुष्यात एकच नीट फोटो निघालेला असतो, आणि तो यात्रेत. ती गेली की मुलगा तो गटफोटो घेऊन स्टुडिओत जातो. स्टुडिओवाला ओळीतून तिचा चेहरा वेगळा काढतो, मोठा करतो, मागे निळा रंग भरतो आणि तसबीर भिंतीवर लागते. पंढरपूरच्या घाटावर उन्हाने बारीक केलेले डोळे असे कायमचे घराकडे पाहत राहतात. फोटो ओळीत, सरळ, पूर्ण चेहऱ्याने का काढायचा, याचे याहून भक्कम उत्तर नाही.

मोबाइलने फोटो वाढवले पण टिकाऊपणा घटवला. फोन पाण्यात पडतो, मेमरी भरली म्हणून जुने पुसले जाते, आणि व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, तो मोठा छापला की फाटतो. उपाय महाग नाहीत. प्रत्येक यात्रेतले चार चांगले फोटो तालुक्याच्या स्टुडिओतून कागदावर काढून घ्यावेत. पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. चिकट पानांचे अल्बम टाळावेत, कारण वर्षांनी फोटो त्यांना चिकटून बसतो. जुन्या निगेटिव्ह फेकू नयेत. आणि प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने ठिकाण, साल आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे लिहावीत. घरातल्या ट्रंकेत पडलेल्या फोटोंतली माणसे ओळखणारे आता एखाद-दुसरेच आजी-आजोबा उरले आहेत. येत्या दिवाळीला सगळे घरी जमतील तेव्हा त्यांच्यापुढे ते फोटो ठेवावेत आणि नावे लिहून घ्यावीत.