करप्याचा बीजाणू केव्हा तयार होतो?

धानाची रोवणी आटोपून महिना-दीड महिना झाला, की रामटेक तालुक्यातील काही बांध्यांत पानांवर होडीच्या आकाराचे ठिपके दिसू लागतात. ठिपक्याचा मध्यभाग राखेच्या रंगाचा व कडा तपकिरी असते. हाच करपा होय. लोंब निसवताना हीच बुरशी लोंबीच्या मानेवर बसली म्हणजे मान काळी पडून मोडते व दाणा पोचट राहतो. शेतकरी तिला मानमोडी म्हणतात. पानावरील ठिपक्याने पीक खंगते, पण मानमोडीने हाती येणारे धान जाते. म्हणून मानेपर्यंत पोहोचणारे बीजाणू कोठून व केव्हा येतात, हे नीट समजून घेतले पाहिजे.

बुरशीचा देह सूक्ष्म तंतूंचा असतो. हे तंतू पानाच्या आत अन्न शोषीत असतात तोवर रोग जागच्या जागीच राहतो. फैलावासाठी बुरशीला ठिपक्याच्या बाहेर बारीक दांडा उभारावा लागतो व त्याच्या शेंड्यावर एकामागून एक पेरूच्या आकाराचे, तीन पेशींचे बीजाणू धरावे लागतात. येथे नर-मादीचा संयोग लागत नाही, त्यामुळे हे काम फार झपाट्याने होते. तथापि बुरशी ते वाटेल तेव्हा करीत नाही. हवा लागली पाहिजे, ओल पाहिजे, आणि उजेड-अंधाराची पाळीही पाहिजे.

हे नियमन कसे चालते याचा उत्तम उलगडा अ‍ॅस्परजिलस या बुरशीत झालेला आहे. ती द्रवात बुडालेली असता बहुधा तंतूच वाढवीत राहते. हवेत आणली की काही तासांत दांडे उभे करते. १९६९ मध्ये ए. जे. क्लटरबक यांनी तिच्यातील काही जनुके वर्णिली. त्यांतील एक बिघडले की दांडा राठ केसासारखा नुसता वाढतच राहतो, त्यावर बीजाणू येत नाहीत. हे जनुक दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. तिसरे बिघडले तर बीजाणू धरतात, पण पक्व न होता विरघळून जातात. करप्याच्या बुरशीत नेमकी हीच साखळी नाही. तिचे कारभारी निराळे आहेत. त्यांपैकी कॉस-१ हे जनुक काढून टाकल्यास दांडाच उभा राहत नाही.

शेतात या कारभाऱ्यांना हुकूम देते ती हवा. हवेतील आर्द्रता सुमारे ९३ टक्क्यांच्या वर व उष्णमान २५ ते २८ अंश सेल्सियस असले, म्हणजे एका ठिपक्यावर एका रात्रीत दोन ते सहा हजार बीजाणू तयार होऊ शकतात, आणि हे सुमारे १४ दिवस चालते! बीजाणू सुटतात ते अंधारात. निळा प्रकाश त्यांची सुटका रोखतो. पाने दवाने ओली असतात त्याच वेळी बीजाणू त्यांवर उतरतात, हे बुरशीच्या मोठ्या सोयीचे आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक साधी परीक्षा करून पाहावी. संशयित पान ओल्या टीपकागदावर ठेवून रात्रभर झाकावे. दुसरे तसेच पान कोरडे ठेवावे. करपा असल्यास ओल्या पानाच्या ठिपक्यावर सकाळी भिंगातून राखी लव दिसते. शेतकऱ्यास ही लव एकदा दाखविली, की पुढचे सांगणे सोपे जाते.

रात्रीची ओल कोणाच्या हाती नाही, पण ती बांधीत किती वेळ टिकावी हे काही अंशी आपल्या हाती आहे. पीक गर्द हिरवे दिसावे म्हणून युरिया एकदम देण्याची हौस फार वाढली आहे. त्याने पान कोवळे राहते, पीक दाटते आणि दव उशिरापर्यंत वाळत नाही. नत्र हप्त्याहप्त्यानेच द्यावे. ठिपके दिसत असतील तर पुढचा हप्ता थांबवावा. रोवणी दाट करू नये. बांधी कोरडी पडू देऊ नये, कारण पाण्याच्या ताणाने धान करप्यास लवकर बळी पडते. कालव्याचे पाणी उशिरा मिळणाऱ्यांनी बांध व मुंड्या आधीच दुरुस्त करून ठेवाव्यात. रोगट तणस धुऱ्यावर टाकून ठेवू नये. तिच्यात बुरशी जिवंत राहते आणि ओल मिळताच पुन्हा बीजाणू धरते. बियाणे मिठाच्या ३ टक्के द्रावणात टाकून तरंगणारे काढून टाकावे, उरलेले स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवावे व मगच बुरशीनाशक चोळावे. उभ्या पिकावरील औषध मात्र कृषि विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या शिफारशीप्रमाणेच घ्यावे, आणि मान वाचवावयाची असेल तर लोंब बाहेर पडू लागण्याच्या सुमारास बांधीत रोज चक्कर टाकावी.