दोन कुलपांची पेटी

कागदाचे मोल पनवेलच्या शेतकऱ्याला सांगायला नको. १९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी आपल्या भागातल्या गावांच्या जमिनी सरकारने घेतल्या. पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची वेळ आली, तेव्हा वारसांना जुने कागद शोधावे लागले. ज्याचे कागद नीट, त्याचे काम लवकर. ज्याचा कागद हरवला, त्याला कचेरीचे हेलपाटे.

म्हणून आपली वडील माणसे कागद पत्र्याच्या पेटीत ठेवत. पेटीला कुलूप असे आणि किल्ली कमरेला.

आता सरकारने एक नवी पेटी दिली आहे. तिचे नाव डिजिलॉकर. ही पेटी २०१५ साली केंद्र सरकारने सुरू केली. ती मोबाईलमध्ये उघडते. तिला पैसे पडत नाहीत. आधार, गाडी चालवण्याचा परवाना, मुलांची दहावी-बारावीची गुणपत्रिका असे कागद तिच्यात ठेवता येतात. पेटी भिजत नाही, तिला वाळवी लागत नाही. पण चोर? चोराची भीती हिलाही आहे. म्हणून हिला दोन कुलपे आहेत.

पहिले कुलूप, दुसरे कुलूप

पहिल्या कुलपाची किल्ली म्हणजे पिन. पिन म्हणजे सहा आकडे. ते आपणच ठरवायचे आणि मनात ठेवायचे.

दुसऱ्या कुलपाची किल्ली म्हणजे ओटीपी. हेही आकडेच, पण ते आपण ठरवत नाही. पेटी उघडायला घेतली की आपल्या मोबाईलवर संदेश येतो. त्यात हे आकडे असतात. ते एकदाच चालतात, आणि काही मिनिटेच चालतात. पुढच्या वेळी नवे आकडे येतात.

दोन कुलपे कशाला? समजा, कोणी आपला पिन चोरून पाहिला. तरी त्याच्याकडे आपला मोबाईल नाही. दुसरे कुलूप त्याला उघडत नाही. समजा, मोबाईल बाजारात पडला. ज्याला तो सापडला, त्याला पिन ठाऊक नाही. एक किल्ली गेली तरी दुसरी राखण करते.

पेटी कशी उघडावी

१. आधी पाहा, आधारला कोणता मोबाईल नंबर जोडला आहे. तो आपलाच हवा. पुष्कळांनी आधार काढताना शेजाऱ्याचा नाहीतर पुतण्याचा नंबर दिला. मग ओटीपी त्याच्या घरी वाजतो! असे असेल तर आधार केंद्रावर जाऊन आपला नंबर लावून घ्यावा. पावती मागून घ्यावी.

२. मोबाईलमध्ये डिजिलॉकरचे ॲप घ्यावे. ते मोबाईलच्या ॲप दुकानातूनच घ्यावे. अनोळखी माणसाने पाठवलेल्या दुव्यावर बोट लावू नये.

३. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच भरावी. मग मोबाईल नंबर द्यावा.

४. सहा आकड्यांचा पिन ठरवावा. एक ते सहा ओळीने घेऊ नये. जन्मसालही घेऊ नये. ते सगळ्या गावाला ठाऊक असते.

५. ओटीपी आला की तो पाहून आपल्या हाताने भरावा. आधारचा बारा आकडी नंबर भरला की पुन्हा ओटीपी येतो. तोही तसाच भरावा.

झाले! पेटी तयार झाली.

सातबाऱ्याचेही असेच आहे. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ सालापासून सरकारच्या संकेतस्थळावर मिळतो. तिथेही मोबाईल नंबर दिला की ओटीपी येतो.

ओटीपी म्हणजे आजचा अंगठा

आता खरी गोष्ट सांगतो. पूर्वी सावकार म्हणे, "कर इथं अंगठा." वर काय लिहिले आहे, ते माणसाला वाचता येत नसे. कित्येकांनी कोऱ्या कागदावर अंगठे केले. कर्ज शंभराचे, कागद हजाराचा. शेत गेले, घर गेले.

ओटीपी हा आजचा अंगठा आहे. चोर फोन करतो. गोड बोलतो. "काका, मी बँकेतून बोलतोय. तुमचं खातं बंद होणार आहे. आता आकडे येतील, तेवढे सांगा." आपण आकडे सांगितले, की आपण कोऱ्या कागदावर अंगठा केला!

लक्षात ठेवा. बँक फोन करून ओटीपी विचारत नाही. सरकारही विचारत नाही. आपण काही काम काढले नसताना ओटीपी आला, तर समजावे की कोणीतरी आपल्या कुलपाला हात लावतो आहे. आकडे कोणाला सांगू नयेत. पिन बदलून टाकावा.

सेवा केंद्रावर काय करावे? तिथे दाखल्यासाठी आपणच जातो. तिथला मुलगा ओटीपी विचारतो. तेव्हा आधी विचारावे, "दादा, हा कशासाठी?" काम आपलेच असेल तर आकडे आपल्या हाताने भरावे. मोबाईल त्याच्या हाती देऊन चहाला जाऊ नये.

वाचल्यावाचून पुढे नाही

ओटीपीच्या संदेशात नुसते आकडे नसतात. तो कशासाठी आहे, हेही लिहिलेले असते. पुष्कळदा संदेश इंग्रजीत असतो. त्याला भिऊ नये. घरातल्या शाळकरी मुलाकडून तो वाचून घ्यावा. पैशाचा उल्लेख आहे का, ते विचारावे. इंग्रजी आकडे तर आपणही शिकू शकतो. दहाच आहेत. नोटेवर आहेत, घड्याळात आहेत. चार दिवस पाटीवर गिरवले की येतात.

सिमकार्डही जपावे. पिन विसरला तर नवा करता येतो, पण त्यालाही ओटीपी लागतो. नंबर फार दिवस बंद राहिला, तर कंपनी तो दुसऱ्याला देते. मग आपली किल्ली परक्याच्या हाती! म्हणून नंबर चालू ठेवावा. बदललाच तर आधारवर आणि बँकेत लगेच कळवावे.

आणि एवढे करूनही पैसे गेले तर? लाजून गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरला फोन करावा. बँकेलाही कळवावे. जितकी घाई करू, तितकी पैसे अडवण्याची आशा अधिक. आधारची तक्रार असेल तर नंबर १९४७. स्वातंत्र्याचे साल लक्षात आहे ना? मग हा नंबरही लक्षात राहील.

आपण कष्टाने अक्षर शिकलो. अंगठा सोडून सही करू लागलो. आता कोणी आकडे मागितले, तर आधी संदेश वाचू, समजून घेऊ, मगच पुढे जाऊ.