खुर्ची उलटी करून पाहताना

संग्रहालयातल्या जुन्या लाकडी सामानावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी नागपूरच्या भोसल्यांचा राजवाडा आठवला. काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामानं मढलेला तो वाडा 1864 च्या आगीत गेला. पण नागपुरात या विषयाचं खरं मोल कळतं ते काटोल रस्त्यावरच्या चिचोलीत. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षा सोहळ्यासाठी राबलेल्या वामनराव गोडबोले यांच्या खटपटीतून तिथे शांतिवन उभं राहिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू तिथे आल्या: टाइपरायटर, कपडे, रोजच्या वापरातलं सामान.

राजाचं आसन नक्षीवरून ओळखू येतं. बाबासाहेबांच्या दिल्लीतल्या बंगल्यातली खुर्ची मात्र त्या काळच्या इतर खुर्च्यांसारखीच असणार. ती कोणाची, हे लाकूड सांगत नाही. ते फार तर वय सांगतं, आणि तेही खुर्ची उलटी केल्यावर.

नागपूरच्या महाल भागातल्या एका वयस्क सुतारकाकांनी दुरुस्तीला आलेली एक खुर्ची माझ्यापुढे अशीच उलटी केली. वरून लखलखीत, पण बैठकीखालच्या पट्टीवर हातरंध्याच्या उथळ लाटा बोटाला लागत होत्या. करवतीच्या रेघा सरळ असतील तर लाकूड बहुधा हातानं कापलेलं, कमानीसारख्या असतील तर गोल पात्यावर. मग त्यांनी सांधे सोडवले. एका कुसवावर तपकिरी, ठिसूळ सरस होता. दुसऱ्यावर पांढरट, चिवट थर. तो फेव्हिकॉलचा.

मला तो थर पाहून राहवेना. फेव्हिकॉल बाजारात आला 1959 मध्ये. बाबासाहेब गेले 6 डिसेंबर 1956 ला. त्यांच्या एखाद्या वस्तूत असा थर निघाला, तर ती खोटी ठरत नाही. सांधा नंतर कोणीतरी उघडला होता, एवढंच ठरतं. सरस ऊब आणि ओलाव्यानं सुटतो, म्हणून पुढच्या कारागिराला काम पुन्हा करता येतं. फेव्हिकॉलचा सांधा उघडताना पुष्कळदा लाकूडच फाटतं.

नागपूरचं हवामानही लाकडाला सुखानं जगू देत नाही. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर, लाकूड आकसतं. पावसाळ्यात तेच फुगतं, सांधे ढिले होतात आणि वाळवी वाट शोधते. त्याहून मला धास्ती वाटते ती भक्तीनं केलेल्या पॉलिशची. खुर्चीच्या हातांवरची झीज, शाईचा डाग, जुना खिळा हेच पुरावे, आणि पॉलिशपेपर ते एका दुपारीत पुसून टाकतो.

मग मालकी सिद्ध व्हायची कशी? वस्तू कोणाच्या हातून कोणाकडे गेली, त्या साखळीवरून. रत्तू आज नाहीत, गोडबोले नाहीत. त्यांना या वस्तू हाताळताना पाहिलेली माणसंही आता थकली आहेत. तुमच्या घरी त्या काळातला फोटो, पत्र किंवा पावती असेल, तर ती शांतिवनातल्या संग्रहालयाला दाखवा. वडीलधाऱ्यांना आठवत असेल ते तारीख घालून, सहीनिशी लिहून घ्या. हे काम या हिवाळ्यातच करा.