टोचावं की टोचू नये? ॲक्युपंक्चरची तोंडओळख



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की दोन विषय हमखास कानावर पडतात. एक मुलांची कॉलेजं, दुसरा आपली दुखणी. कुणाची मान, कुणाची कंबर, कुणाच्या भारतातून आलेल्या आईचे गुडघे. मग कुणीतरी म्हणतंच, "अरे, एकदा ॲक्युपंक्चर करून बघ!" लगेच शेजारचा म्हणतो, "छे, सगळं थोतांड आहे." मी पडलो सॉफ्टवेअर इंजिनियर, डॉक्टर नव्हे. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला पाठ म्हणजे काय ते चांगलं कळतं. म्हणून या विषयावर जे वाचलं आणि समजून घेतलं, ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

मूळ कल्पना काय?

चिनी वैद्यकाचा सर्वांत जुना मोठा ग्रंथ म्हणजे 'हुआंगदी नेइजिंग'. तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात मांडलेली कल्पना अशी, की शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठराविक मार्गांनी वाहते. असे १२ मुख्य मार्ग मानतात. प्रवाह कुठे अडला किंवा 'यिन' आणि 'यांग' यांचा तोल बिघडला, की दुखणं येतं. मार्गावरच्या नेमक्या बिंदूंवर सुई टोचून तो प्रवाह मोकळा करायचा. आज असे ३६१ बिंदू प्रमाण मानले जातात. आपल्याला हे अगदीच परकं वाटत नाही, कारण वात-पित्त-कफ आणि प्राण हे शब्द ऐकतच आपण वाढलो. फरक मात्र आहे. आपली पंचमहाभूतं पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, तर त्यांची पाच तत्त्वं लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी.

चीनमध्ये ही विद्या अखंड मानानं नांदली असं समजू नका. १८२२ साली तिथल्या बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर चक्क बाद केलं होतं. १९५० नंतर कम्युनिस्ट सरकारने जुन्या वैद्यकाला पुन्हा उभं केलं, त्याची सुसूत्र मांडणी केली आणि १९५६ मध्ये त्याची सरकारी कॉलेजं काढली. आज जगभर जे शिकवतात, ते बरंचसं या नव्या मांडणीतून आलेलं आहे.

अमेरिकेत हे कसं आलं?

१९७१ च्या जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन चीनच्या दौऱ्यावर असताना त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन नेहमीसारखी भूल देऊनच झालं. नंतर पोटात त्रास होऊ लागला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सुया टोचल्या आणि त्यांना बरं वाटलं. हे त्यांनी पेपरात लिहिलं आणि अमेरिकेत एकच कुतूहल पसरलं. "सुया टोचून ऑपरेशन केलं" ही अजूनही ऐकू येणारी गोष्ट मात्र खरी नाही! १९७३ मध्ये नेवाडा राज्याने या उपचाराला कायद्याची मान्यता दिली. १९९६ मध्ये एफडीएने सुयांवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला आणि सुई निर्जंतुक व एकदाच वापरायची, असं बंधन घातलं.

पण उपयोग होतो का?

खरा प्रश्न हाच. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. एका गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला बिंदू सोडून भलतीकडेच, त्याही वरवर टोचल्या. तिसऱ्याला गोळ्या, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे ४८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात २७ टक्के लोकांना चांगला फरक पडला होता.

या आकड्यांवर जरा थांबू या. सुया टोचून घेतलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त आराम पडला, हे खरं. पण सुई नेमकी कुठे टोचली, याने फारसं बिघडलं नाही. म्हणजे 'ची'च्या मार्गांचा नकाशा सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. सुईच्या टोचण्याने शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, शिवाय शांतपणे पडून राहणं, कुणीतरी आस्थेने विचारपूस करणं आणि आपला विश्वास या सगळ्यांचा मिळून परिणाम होत असावा. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम चालतो आहे, पण त्याचं डॉक्युमेंटेशन जुळत नाही!

२०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांत ॲक्युपंक्चर धरलं. २०२० पासून मेडिकेअर जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ वेळा आणि फरक पडत असेल तर आणखी ८ वेळा याचा खर्च देते. ऑपरेशननंतरच्या मळमळीवरही उपयोग होतो असा पुरावा आहे. त्यासाठीचा बिंदू मनगटाच्या आतल्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर, मधल्या दोन कंडरांच्या मध्ये असतो. तिथे अंगठ्याने दाबूनही बघता येतं. बोटीच्या प्रवासात मळमळू नये म्हणून मनगटात घालायचे जे पट्टे मिळतात, ते हाच बिंदू दाबतात. मधुमेह, ब्लड प्रेशर किंवा कॅन्सर बरा करतो असं कुणी म्हणालं, तर मात्र तिथून सरळ उठावं.

काढे आणि पुड्या

चिनी वैद्यकात सुयांपेक्षा वनौषधींचा पसारा मोठा. त्यातून अस्सल सोनंही निघालं आहे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधताना तू यूयू या शास्त्रज्ञ बाईंना चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथातून धागा मिळाला. वनस्पती उकळायची नाही, पाण्यात भिजवून पिळायची, असं त्यात होतं. त्यांनी कमी तापमानावर अर्क काढला आणि तो लागू पडला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण लक्षात घ्या, ग्रंथ जुना आहे म्हणून नव्हे, तर तपासून सिद्ध झालं म्हणून!

दुसरी बाजूही आहे. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत अरिस्टोलोकिया नावाची चिनी वनस्पती गेली आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या बिघडल्या. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, ही समजूत आयुर्वेद मानणाऱ्या आपल्यालाही तितकीच घातक आहे.

आपले आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. व्हिजिटर्स इन्शुरन्स जुनी दुखणी बहुधा देत नाही, डॉक्टर महाग वाटतो, आणि "उगीच खर्च नको" म्हणत ते दुखणं अंगावर काढतात. कुणीतरी सुचवलेला काढा सुरू होतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असताना 'डाँग क्वाय'सारखी औषधी घेतली, तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून काही गोष्टी घरात सांगून ठेवा:

१. आधी निदान, मग सुई. छातीत किंवा डाव्या हातात कळ, पायात अचानक बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, अशा वेळी ॲक्युपंक्चर नाही, थेट इमर्जन्सी रूम.

२. राज्याचं लायसन्स विचारा, आणि सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा.

३. पेसमेकर, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण हे आधीच सांगा.

४. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

५. पाच-सहा वेळा जाऊनही फरक नसेल, तर थांबा.

आणि आपलं नातं

१९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला भारताने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच गेले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या त्यांनी भारतात आणली. महाराष्ट्राने तर ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदाही केला आहे.

त्या पथकासाठी सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला आवाहन केलं होतं आणि साध्यासुध्या लोकांच्या देणग्यांतून पैसे उभे राहिले होते. परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या जखमींसाठी! ही पुस्तिका हातात धरणाऱ्या देणगीदारांना याहून वेगळं काय सांगायचं?

तब्येतीला जपा!