बाईची बुद्धी कुणी पारखली?

लासलगावच्या बाजार समितीत ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन पाहिल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. मग बाईच्या बुद्धीचा भाव ऐकीव गोष्टींवर कसा ठरतो? ‘त्या चार दिवसांत बायकांचं डोकं चालत नाही,’ हे आपणही ऐकलंच आहे ना!

एफ.वाय.बी.ए.च्या मुलींकडून मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ करून घेण्याआधी त्यांना त्याचा इतिहास सांगायला हवा. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा काढली आणि मनाचा अभ्यास प्रयोगाने होऊ लागला. तरी पाळीत बुद्धी मंदावते, असं शिकले-सवरलेलेही म्हणत. अमेरिकेतल्या लेटा हॉलिंगवर्थ यांना लग्न झालंय म्हणून न्यूयॉर्कमध्ये शिक्षिकेची नोकरी मिळाली नव्हती. पुढे त्यांनीच २३ बायकांच्या चाचण्या घेतल्या. हात किती स्थिर राहतो, रंगांची नावं किती झटपट सांगता येतात, असं सगळं तपासलं. पाळीत कामगिरी घसरत नाही, हे त्यांनी १९१४ मध्ये दाखवून दिलं.

हे कळलं की मुलगी पुस्तकालाही विचारते, ‘कुणी तपासलं? कुणावर?’

मैत्रिणींनो, पोट दुखतं हे खरंच. पण लेक पाळीत पेपरला निघाली, तर ‘आज जमेल का तुला?’ म्हणू नका. डबा द्या आणि एस.टी.त बसवून द्या.