स्नायूंना बांधून ठेवणारी प्रथिने

स्नायूतले हजारो तंतू संयोजी ऊतीने एकत्र बांधलेले असतात. या ऊतीचे मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन.

तिची आवरणे तीन: प्रत्येक तंतूभोवती एंडोमायसियम, तंतूंच्या जुडग्याभोवती पेरिमायसियम आणि संपूर्ण स्नायूभोवती एपिमायसियम. पुढे ती कंडरेत मिसळतात. गोव्यातल्या पार्से गावातला पाडेली (नारळ काढणारा) माडावर चढतो, तेव्हा त्याच्या पोटरीचे बळ याच जाळ्यातून टाचेच्या हाडापर्यंत पोचते.

कोलॅजेनचा रेणू सुंभाच्या दोरीसारखा तीन पेडांचा असतो. ही रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मद्रास विद्यापीठात १९५४-५५ मध्ये मांडली.

पेरिमायसियममध्ये मुख्यतः पहिल्या व तिसऱ्या प्रकारचे कोलॅजेन असते. तंतूला लगटलेल्या पातळ पटलात चौथा प्रकार आणि लॅमिनिन असते. सहावा प्रकार हे पटल बाहेरच्या जाळ्याशी जोडतो. त्याच्या जनुकांत दोष असल्यास उलरिख किंवा बेथलेम हे आजार होतात. स्नायू दुबळे पडतात, सांधे आखडतात.

कोलॅजेन जास्त साठले तरीही अपाय होतो, जसे डुशेन स्नायुऱ्हासात. हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. तंतूच्या आवरणाला आधार देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्याने आकुंचनाच्या ताणाने ते फाटते. दुरुस्ती पुरी पडत नाही. फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन साठवत जातात. तंतूंच्या जागी चट्टा आणि चरबी येते. म्हणून पोटरी भरदार दिसते, पण तिच्यात जोर नसतो.

मूल वारंवार पडत असेल, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत असेल, तर डॉक्टरांना दाखवून रक्तातील क्रिएटिन कायनेज तपासावे. निश्चित निदान जनुकीय चाचणीने होते.