यंत्राची वाचा – भाग ६ : बटण, बटण, बटण

अंध वापरकर्त्यांसाठीचा स्क्रीन रीडर आवाज कुठून आणतो, हे मागच्या भागात पाहिलं. त्यानंतर हमखास येणारा प्रश्न असा : स्क्रीनवरचं वाचून दाखवणं एवढंच त्याचं काम असेल, तर काही सॉफ्टवेअरपुढे तो मुका का होतो? कारण सरळ आहे. स्क्रीन रीडर स्क्रीन वाचतच नाही. तो चालू असलेल्या प्रोग्रॅमकडे ऑपरेटिंग सिस्टिममार्फत चौकशी करतो : इथे काय आहे, त्याचं नाव काय, ते चालू आहे की बंद? प्रोग्रॅमनं उत्तर दिलं तर कानावर येतं, ‘सेव्ह, बटण, उपलब्ध नाही’. निर्मात्यानं विंडोजचं तयार बटण वापरलं असेल तर हे उत्तर बहुतेक फुकटात मिळतं. त्यानं स्वतःच्या हौसेचं बटण रंगवून काढलं आणि त्याला नाव द्यायचं विसरला, तर दहा आयकॉनांच्या पट्टीवरून जाताना एकच शब्द ऐकू येतो : बटण, बटण, बटण. कधी तेवढाही नाही.

डॉसच्या काळात ही अडचण नव्हती. स्क्रीन म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळी, प्रत्येक चौकटीत एक अक्षर, आणि ती अक्षरं थेट मेमरीत सापडायची. १९७८मध्ये अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर हे अमेरिकी मोटरसायकल शर्यतपटू पुढे प्रोग्रॅमर झाले. १९८९मध्ये त्यांच्या कंपनीचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर डॉससाठीच आला. विंडोज आलं आणि अक्षरांची चित्रं झाली. मग स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी चोरवाट काढली : चित्र काढण्याचे आदेश मध्येच पकडायचे आणि त्यावरून कुठे काय असेल याचा अंदाज बांधायचा. हा अंदाज वारंवार कोसळायचा. म्हणून १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ ही व्यवस्था आणली. अंदाज नको, प्रोग्रॅमनं स्वतःच आपली माहिती द्यावी, असा नियम ठरला. गंमत म्हणजे त्याच वर्षी आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ४मध्ये त्या व्यवस्थेचा पाठिंबा नव्हता! अंध वापरकर्त्यांनी गदारोळ केला आणि ४.०१ या आवृत्तीत तो आला. तेव्हापासून आजपर्यंत या क्षेत्रातलं भांडण थोड्याफार फरकानं हेच आहे : व्यवस्था असते, ती वापरायची राहते.

सामान्य वापरकर्त्याचं एखादं ॲप अडलं तर त्याला दुसरं शोधता येतं. अंध प्रोग्रॅमरचं हत्यारच अडतं. ‘डोळ्यांशिवाय कोड लिहितात तरी कसा?’ या प्रश्नात मला फारसा रस नाही; कोड म्हणजे शेवटी मजकूर, आणि मजकूर ऐकता येतो, तोही नवख्या कानाला गुणगुण वाटावी इतक्या वेगानं. अडचण मजकुराभोवती आहे. चूक असलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते. ती कुणी बोलून दाखवायची? चूक शोधताना कोड ओळीओळीनं चालवणारा डिबगर कोणत्या ओळीवर थांबला आहे? टाइप करता करता उघडलेल्या सूचनांच्या यादीत काय आहे? डोळस माणूस हे सगळं डोळ्यांच्या कडेनं टिपतो. कानाला कड नसते. एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते.

याचं सर्वांत बोचरं उदाहरण अँड्रॉइडचं. सुरुवातीला अँड्रॉइड ॲप ‘इक्लिप्स’ या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवली जायची. इक्लिप्स ऑपरेटिंग सिस्टिमचीच तयार बटणं आणि याद्या वापरतं, त्यामुळे स्क्रीन रीडरला उत्तरं मिळायची. डिसेंबर २०१४मध्ये गुगलचा अँड्रॉइड स्टुडिओ १.० आला आणि इक्लिप्ससाठीच्या अँड्रॉइड जोडणीचा (प्लगइनचा) पाठिंबा २०१५अखेर थांबला. नवा स्टुडिओ ‘इंटेलिजे’ या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर उभा होता, आणि इंटेलिजे आपला एडिटर स्वतःच चितारतो. जावामध्ये स्क्रीन रीडरला माहिती पुरवण्याची सोय होती, पण ती प्रत्येक घटकात भरावी लागते. तेव्हा ती पुरेशी भरलेली नव्हती. म्हणजे टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असलेला अँड्रॉइड फोन अंध माणसानं वापरावा, पण त्या फोनसाठी ॲप लिहू नये, अशी स्थिती. तक्रारी गेल्या, हळूहळू दुरुस्त्या झाल्या, स्क्रीन रीडरसाठी वेगळं सेटिंगही आलं. मधल्या काळात कामं मात्र अडलीच.

याउलट मार्ग एका पुणेकरानं आधीच दाखवला होता. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्याचा; चौदाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेली. वाडिया महाविद्यालयात गणित, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेलमध्ये गणिती मजकूर ऐकवणाऱ्या संगणकप्रणालीवर पीएचडी. १९९५मध्ये त्यांनी ‘इमॅकस्पीक’ प्रसिद्ध केलं. इमॅक्स एडिटरमधल्या कोणत्याही फंक्शनला बाहेरून आपला कोड जोडता येतो, याचा त्यांनी फायदा घेतला. कॅलेंडरमध्ये एका तारखेवर गेलात तर साधा स्क्रीन रीडर ‘बारा’ एवढंच म्हणेल, कारण तिथे तेवढंच छापलेलं आहे. इमॅकस्पीक वार, महिना, वर्ष सांगतं, कारण ते कॅलेंडरला विचारतं, चित्राला नाही. कोडमधल्या टिपांना एक आवाज, भाषेच्या राखीव शब्दांना दुसरा. डोळस लोक रंगांनी जे करतात ते इथे आवाजांनी होतं.

दुसरा मार्ग ऑस्ट्रेलियातून आला. मायकेल करन या अंध तरुणानं २००६मध्ये ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतलं. जेम्स टेह हे त्यांचे साथीदार, तेही अंध. जॉज महागडं होतं, हे मोफत आणि मुक्तस्रोत. ते बरंचसं पायथनमध्ये लिहिलं आहे, आणि पायथनमध्ये ओळ डावीकडून किती जागा सोडून सुरू होते यावर अर्थ ठरतो. एनव्हीडीएत त्यासाठी सूर वाजवायची सोय आहे : ओळ जितकी आत, सूर तितका चढा.

पण स्क्रीन रीडर कितीही हुशार झाला, तरी समोरचा प्रोग्रॅम न बोलल्यास तो काय करणार? २०१५मध्ये आलेला व्हीएस कोड हा एडिटर ब्राउझरच्या तंत्रावर चालतो आणि लांब फाइलमधल्या फक्त दिसणाऱ्या ओळी पडद्यावर मांडतो. स्क्रीन रीडरसाठी एका लपलेल्या मजकूरचौकटीतून कोड वेगळा पुरवावा लागतो. त्या चमूनं ते केलं, पुढे चूक असलेल्या ओळीवर आणि ब्रेकपॉइंटवर (डिबगरला थांबायला सांगितलेल्या ओळीवर) वेगवेगळे ध्वनीही दिले. अंध प्रोग्रॅमरांमध्ये हा एडिटर रुळला, यामागे अशी किचकट, जाहिरातीत न दिसणारी कामं आहेत.

अंध प्रोग्रॅमर मागतात ते यापेक्षा बरंच साधं. बटणांना नावं द्या. माउसनं होणारं प्रत्येक काम कीबोर्डनंही होऊ द्या. नवी खिडकी उघडली की फोकस तिच्यात न्या, बंद झाली की मूळ जागी आणा. आणि जे गेल्या आवृत्तीत चालत होतं ते अपडेटमध्ये मोडू नका. ही शेवटची मागणी पुन्हा पुन्हा करावी लागते. नावांबाबत एक इशारा : नाव नसलेलं बटण स्वयंचलित तपासणीत सापडतं, पण ‘बटण१७’ असं नाव दिलं तर तपासणी खूश आणि माणूस तिथल्या तिथेच. वाचकांपैकी कुणी सॉफ्टवेअर बनवत असाल तर विंडोजवर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबा. नॅरेटर हा विंडोजमधला स्क्रीन रीडर सुरू होईल. मॉनिटर बंद करा, माउस बाजूला ठेवा आणि आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये एक फाइल उघडून, बदलून, जतन करून पाहा.

पुढच्या आठवड्यात : मराठी मजकूर यंत्राच्या तोंडून.